अतुल उमाठ्यांची पंगत

अतुल उमाठे या माणसाला "जमेल का?" असं कधी विचारू नये. प्रश्न संपायच्या आत तो "जमेल" म्हणून मोकळा होतो, आणि मग जबलपुरातल्या अधारतालच्या घरी येऊन स्कूटर स्टँडवर लावता लावता विचार करतो, की आता हे जमवायचं कसं. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," असं त्याची बायको विभावरी म्हणते. पण खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा तो जमवतो.

नोकरी त्याची संरक्षण खात्याच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात. त्याचे वडीलही त्याच कारखान्यात होते, नागपूरहून आले ते जबलपूरचेच झाले. अतुलचं काम म्हणजे गाडीच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं तपासणं. त्यातही डाव्या बाजूचा भाग आणि उजव्या बाजूचा भाग यांची अदलाबदल पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. नवीन मुलगा घाईत डाव्याचं उजवं करून आणतो, अतुल कागदाकडे नुसता बघतो आणि म्हणतो, "बेटा, ये दरवाजा तो सीट के अंदर खुलेगा." ऑफिसात त्याचा हा दरारा होता, आणि त्याला तो आवडायचाही.

छंद मात्र निराळा. हा माणूस फावल्या वेळात मोबाइलवरचे गेम बनवतो. कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघत बघत, चुकत माकत, आपलं आपण शिकला. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून फोनवर नोंदी करायच्या, आणि रविवारी पोहे झाले की डायनिंग टेबलाचा ताबा घ्यायचा. लॅपटॉप मुलीनं, अनुष्कानं, कॉलेजात गेल्यावर टाकून दिलेला. त्याचा पडदा मागे पडतो म्हणून पाठीशी लोणच्याची बरणी टेकवलेली असते. दुपारच्या जेवणाला विभावरीला लोणचं हवं झालं की गेमचं काम थांबतं.

पहिला गेम अधारतालच्या मेन रोडवर स्कूटर चालवायचा. खड्डे, ऑटोवाले, रस्त्यात बसलेल्या गायी. पण गायीला धक्का लागलेला अतुलला चालेना, म्हणून त्या गेममध्ये गाय जवळ आली की स्कूटरच आपली आपण आडवी होते. दुसरा गेम बरगीच्या धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्याचा. त्यासाठी सगळ्या घराला त्यानं सहलीच्या नावाखाली बरगीला नेलं आणि दिवसभर दरवाजांकडे बघत उभा राहिला. हे दोन्ही गेम नातेवाइकांपलीकडे कोणी उतरवून घेतले नाहीत. नागपूरच्या एका चुलत भावानं तर न उघडताच पाच तारे दिले. अतुलला त्याचं काही वाटत नसे. "लोक कॅरम खेळतात, ते काय विकायला खेळतात?" असं तो विचारायचा.

आता मुख्य गोष्ट.

त्यांच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो. पूर्वी एक दिवस महाप्रसादाची पंगत व्हायची. जमिनीवर बसायचं, पुढ्यात पत्रावळ, वाढपी वाकून वाढताहेत, आणि शेजारी कोण बसलंय हे बघत गप्पा. मग जुन्या वाढप्यांचे गुडघे गेले. नव्या मुलांना वाढता येईना. शेवटच्या पंगतीत कोणीतरी एका आजोबांच्या भातावर वरण समजून खीर ओतली, आणि त्या वर्षापासून मंडळाचे सचिव चिंतामणी गर्गे यांनी बुफे सुरू केला. गर्गे रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळापत्रकाचे माणूस. बुफे वेळेवर सुटतो आणि वेळेवर पोचतो, हे त्यांचं म्हणणं.

अतुलला बुफेचा मनापासून राग होता. हातात ताट धरून भिंतीशी उभं राहायचं, पोळी तोडायला तिसरा हात नाही, आणि जेवण होईपर्यंत ज्याच्याशी बोलत होतो तो गुलाबजामच्या रांगेत नाहीसा. पण खरं कारण याहून खोल होतं. जबलपुरात मराठी घराच्या दाराशी संपते. दाराबाहेर दूधवाला हिंदी, ऑफिस हिंदी, अनुष्काच्या मैत्रिणी हिंदी. पंगतीत मात्र डावीकडचा, उजवीकडचा आणि समोर वाढणारा, तिघंही मराठीत बोलायचे. लहानपणी त्याला वाटायचं, सगळं गावच मराठी आहे. ती पंगत गेली तेव्हा त्याचं काहीतरी हरवलं होतं, आणि ते त्याला परत हवं होतं.

श्रावणातल्या बैठकीत गर्ग्यांनी बुफेचा विषय वाचला आणि अतुल उभा राहिला.

"या वर्षी पंगत करू, गर्गेजी."

"वाढणार कोण, अतुलभैया? तुम्ही?"

"पोरं वाढतील. मी तयार करून देतो त्यांना. गेम बनवून राहिलो मी, पंगतीचा. फोनवर खेळून खेळून शिकतील."

खोली हसली. हा गेम त्या क्षणापर्यंत अस्तित्वात नव्हता, हे फक्त विभावरीला ठाऊक होतं. तिनं पदर सारखा केला आणि छताकडे पाहिलं.

गर्गे हसले नाहीत. "अच्छा. एक संधी. महाप्रसादाच्या आधीच्या रविवारी तालीम घ्या. तालीम बिघडली तर कॅटररला फोन. आणि पंगत बिघडली, तर यानंतर मंडळात पंगतीचं नाव काढायचं नाही. कोणीच नाही."

"मंजूर," अतुल म्हणाला. गर्गे शब्दाचे पक्के होते, म्हणजे या वर्षी चुकलं तर पंगत कायमची गेली.

मग काय, गडी कामाला लागला. पान त्यानं स्वतः काढलं, आणि ड्रॉइंगवाल्याचाच हात तो, असं देखणं काढलं की बघूनच भूक लागावी. वर मधोमध मीठ, त्याच्याशेजारी लिंबाची फोड. डाव्या अंगाला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या अंगाला भाज्या आणि आमटीचा द्रोण. खाली मधोमध भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. आणि जबलपूरचं पान म्हणून एका कोपऱ्यात खव्याची काळसर जिलेबी. पदार्थ बोटानं उचलायचा आणि पानात त्याच्या जागी ठेवायचा. जागा चुकली की पानावरचा माणूस "अंहं" करतो. सगळं बरोबर आलं की ढेकर देतो. तो ढेकर अतुलनं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

पदार्थांची नावं विभावरीच्या आवाजात घेतली. ती ऑफिसातून आली की तो फोन घेऊन ओट्याशी उभा राहायचा. "म्हण, कोशिंबीर." ती कांदा चिरता चिरता म्हणायची, "कोशिंबीर." "जरा प्रेमानं." "प्रेमानं हवी तर कांदा तुम्ही चिरा."

"दाखवा तरी काय करून राहिले ते," ती दोनदा म्हणाली. "पूर्ण झालं की एकदमच बघ," असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

मुलांना गेम आवडला. अनुष्कानं आधी नाक मुरडलं, मग तीच रिक्षात बसून खेळायला लागली. "बाबा, मस्त है, पण हे लोणचं काहून इतकं घसरून राहिलं?" अतुलनं लोणच्याचं घसरणं कमी केलं. तिनं मंडळातल्या बंटीला पाठवला, बंटीनं नेहाला, आणि बघता बघता मंडळाची सगळी कॉलेजातली पोरं एकमेकांशी चढाओढीनं पानं वाढायला लागली. ज्या बंटीला उसळ आणि आमटी यांतला फरक ठाऊक नव्हता, तो डोळे मिटून पान वाढायला लागला. अतुलची छाती फुगली. आता पंगत आपल्या खिशात, असंच तो धरून चालला.

तालमीचा रविवार उजाडला. ओमतीच्या बाजारातून आणलेल्या पत्रावळ्या मांडल्या. खरं जेवण नव्हतं. मिठाच्या जागी मीठ, पण चटणी म्हणून दाण्याचा कूट, भाजी म्हणून चिवडा, आणि भात म्हणून मुरमुरे. पानांवर मंडळाची मोठी माणसं बसली, गर्गे पहिल्या पानावर, विभावरी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर. अतुल मागे हात बांधून उभा राहिला, कारखान्यात साहेब उभे राहतात तसा.

"चलो, शुरू."

पोरं झरझर निघाली. कोणी अडखळलं नाही, कोणी विचारलं नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, काय तो वेग. ओळ संपली तेव्हा अतुलला टाळी द्यावीशी वाटली.

"अतुलभैया," गर्गे पानाकडे बघत शांतपणे म्हणाले, "माझं मीठ माझ्या मांडीशी आलं आहे, आणि भात सातासमुद्रापलीकडे. चटणी उजवीकडे. मी आजपासून डाव्या हातानं जेवायचं का?"

सगळी ओळ आपापल्या पानाकडे बघायला लागली, आणि हसू उसळलं. एकूण एक पान उलटं होतं.

"घाबरली पोरं," अतुल म्हणाला. "पुन्हा घ्या. सावकाश."

पुन्हा घेतलं, सावकाश घेतलं, आणि पुन्हा एकूण एक पान तसंच उलटं आलं. बंटी रडवेला झाला. "अंकलजी, गेम में तो ऐसेच है."

इथे अतुलला आपलंच एक वाक्य आठवलं. एका कारागिराचा भाग वाकडा आला तर चूक कारागिराची. सगळ्यांचा भाग सारखाच वाकडा आला तर चूक ड्रॉइंगची. हे वाक्य तो स्वतः नव्या मुलांना शिकवत आला होता.

विभावरी पानावरून उठली. अनुष्काच्या हातून फोन घेतला आणि तो गेम पहिल्यांदा पाहिला. एक पान वाढूनही पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "हे पान जेवणाऱ्याचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बसणाऱ्याला दिसतं तसं. वाढणारा समोर उभा असतो ना. त्याला सगळं उलट दिसतं. त्याचा उजवा हात तो जेवणाऱ्याचा डावा." मग हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "तुम्ही कधी वाढलंच नाही. जेवलेच फक्त."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जन्मभर दुसऱ्यांची डावी-उजवी पकडणाऱ्या माणसानं पान काढलं, ते जिथे आयुष्यभर बसला तिथूनच काढलं. घरी, लग्नात, मुंजीत, मंडळात, पान नेहमी त्याच्या पुढ्यात आलं होतं. पानाच्या पलीकडे कोणी उभं असतं, आणि त्याला ते कसं दिसत असेल, हे डोक्यात येण्याची वेळच आली नव्हती. अतुलला लाज वाटली, अगदी खरी.

पण गडी पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो ओळीपुढे आला आणि म्हणाला, "चूक माझी आहे, पोरांची नाही. त्यांनी मी दिलं तसंच वाढलं. गर्गेजी, गेम दुरुस्त करतो. कॅटररला फोन करू नका."

गर्ग्यांनी मुरमुऱ्यांचा एक बकाणा भरला, चघळला. "तालीम तर बिघडली."

"तालीम बिघडायलाच असते. रेल्वेत ट्रायल घेत नव्हते का?"

हे गर्ग्यांना लागू पडलं. "ठीक. पण शब्द लक्षात ठेवा. त्या दिवशी एक पान जरी उलटं आलं, तर पंगतीवर पडदा."

घरी आल्याबरोबर अतुल लॅपटॉपकडे वळला. चित्र फिरवणं म्हणजे चुटकीसरशीचं काम. विभावरीनं पाठीमागची लोणच्याची बरणीच काढून घेतली. पडदा आडवा झाला.

"आधी वाढायला शिका," ती म्हणाली. "मग शिकवा दुनियेला."

त्या आठवड्यात उमाठ्यांच्या घरी रोज जमिनीवर पानं मांडली गेली. अनुष्का बसायची, शेजारचं एखादं घर बसायचं, आणि अतुल वाढायचा. विभावरी शेजारी उभी राहून सूचना द्यायची. "भांडं डाव्या हातात, अंगाशी. वाकायचं कमरेतून नाही, गुडघ्यातून. डाव हळू, वरण उडून राहिलं. पानाकडे काय बघता, माणसाकडे बघा. त्यानं हात आडवा केला तर थांबायचं." दुसऱ्याच दिवशी अतुलची पाठ धरली. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं, की मीठ आधी वाढतात ते काही शास्त्र म्हणून नाही, पानाला दिशा मिळते म्हणून. गोल पत्रावळीला वरची बाजू कुठली हे मिठानं ठरतं. चौथ्या दिवशी त्यानं आपणहून एकही सूचना न घेता अख्खं पान वाढलं, आणि विभावरीनं नुसतं "हं" म्हटलं. ते "हं" त्याला कारखान्यातल्या बढतीपेक्षा गोड लागलं.

हे सगळं त्यानं गेममध्ये घातलं. आता पान पलीकडे आणि पानामागे बसलेला माणूस. खेळणारा उभा. डाव जोरात हलवला तर वरण उडतं. माणूस हात आडवा करतो, मान हलवतो, नाही म्हणतो पण डोळे जिलेबीवर ठेवतो. ढेकर तेवढा पूर्वीचाच राहिला. पोरांनी पहिल्या दिवशी शिव्या घातल्या, कारण हात उलटे पडत होते. दोन दिवसांत हात वळले.

महाप्रसादाचा दिवस आला. हॉल भरला होता. बँकेत बदलून आलेली नवी कुटुंबं होती, सैन्यातलं एक जोडपं होतं, आणि कारखान्यांतली, रेल्वेतली जुनी घरं तर होतीच. वाढप्यांची ओळ उभी राहिली, कमरेला पंचे बांधलेली पोरं-पोरी, आणि त्यांच्या शेवटी, वरणाची बादली घेऊन, अतुल उमाठे.

"तुम्हीपण?" गर्ग्यांनी विचारलं.

"मीपण," अतुल म्हणाला.

मीठ निघालं. अतुलचा श्वास त्या मिठाबरोबर ओळीतून चालत गेला. पहिलं पान, वर मधोमध. दुसरं पान, वर मधोमध. मग लिंबू, मग चटणी, नेहाची कोशिंबीर, बंटीची भाजी. बंटी एका पानापाशी थबकला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटला, आणि भाजी योग्य जागी ठेवून पुढे गेला. भात गेला. अतुल वाकला, गुडघ्यातून वाकला, आणि वरण वाढत सुटला. ओळीच्या टोकाशी जाऊन त्यानं वळून पाहिलं. सगळी पानं सुलटी होती. श्लोक म्हटला गेला आणि लोक जेवायला लागले, आणि हॉलमध्ये तो आवाज परत आला, शंभर माणसं एकदम मराठीत बोलतात तेव्हा होतो तो. अतुलला भरून आलं. त्यानं बादली उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"अतुलभैया," गर्गे तोंडात घास असतानाच म्हणाले, "पुढल्या वर्षी दोन पंगती कराव्या लागतील. लोकांना जागा पुरून नाही राहिली." एवढंच म्हणाले. पण शब्दाचे पक्के होते, म्हणजे पंगत आता राहिली.

आग्रहाची फेरी सुरू झाली. अतुलनं जिलेबीचं ताट उचललं. आता तो तरंगत होता. कोण खोटं नाही म्हणतो आणि कोण खरं, हे त्याला लांबूनच ओळखू येत होतं. गर्ग्यांनी पानावर हात आडवा धरला आणि अतुलनं बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवली. ओळ हसली. असा हसत, हसवत तो पुढे गेला आणि विभावरीच्या पानाशी आला.

तिला बसलेली बघून त्याला क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, की खऱ्या जेवणाला आपल्यासमोर ती अशी कधी बसलेलीच नसते. तो बसलेला असतो. आठवडाभर त्यानं घरी वाढलं, तेव्हाही ती उभीच होती, आणि सगळ्यांचं झाल्यावर मागून जेवत होती.

"घे," तो म्हणाला आणि ऐटीत दोन जिलेब्या तिच्या पानाकडे नेल्या.

तिनं हात आडवा केला. अतुलनं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे जिलेबीवर नव्हते. ते नाही खरं होतं.

अख्ख्या ओळीचं कोणाला काय हवं हे ओळखणारा माणूस तिथे ताट घेऊन उभा राहिला आणि त्याला काही सुचेना. लग्नाला एवढी वर्षं झाली. अनुष्काला काय आवडतं, सांगू शकला असता. गर्ग्यांना काय आवडतं, सांगू शकला असता. हिला दुसऱ्यांदा काय लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. या वेळी "जमेल" म्हणून भागणार नव्हतं.

"मग काय वाढू?" त्यानं विचारलं.

विभावरीनं मान वर केली. आपल्याला कोणी हे विचारतंय याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"कोशिंबीर," ती म्हणाली. "घरी माझी वेळ येईपर्यंत संपलेली असते."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच अतुलला ते लागलं. घरी कोशिंबीर कोण संपवतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं जिलेबीचं ताट बंटीच्या हातात दिलं, नेहाकडून कोशिंबिरीचं भांडं मागून घेतलं, आणि तिच्यापुढे गुडघ्यावर टेकला. मग तिच्या डाव्या हाताला, एकेक डाव करून, ती पुरे म्हणेपर्यंत वाढत राहिला. पुरे म्हणायला तिनं चांगला वेळ घेतला.